पहिल्या हरणासाठी सुरी: चार इंचांच्या पुढे जाऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला राहतात. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला आहे आणि येत्या नोव्हेंबरात पहिल्यांदाच व्हाइटटेल हरणाच्या गन सीझनला ओळखीच्यांच्या शेतावर जाणार आहेत. बजेट दीडशे-दोनशे डॉलर. तीन सुऱ्या नजरेत भरल्या आहेत: सात इंची पात्याची बोवी, पाठीला आकडा असलेली स्किनर (कातडं सोलायची रुंद पात्याची सुरी) आणि पाती बदलता येणारी घडीची सुरी. हरीण घरी गॅरेजमध्ये टांगून स्वतःच सोलायचं आणि कापायचं आहे. घरात मटणाचा सत्तूर आहे, हाडांसाठी तो चालेल का, असंही विचारलं आहे.

पहिली सुरी म्हणून या तिन्हींपैकी एकही घेऊ नका. साडेतीन ते चार इंच पात्याची, न दुमडणारी, अरुंद आणि साधी ड्रॉप पॉइंट सुरी घ्या. ड्रॉप पॉइंट म्हणजे ज्याची पाठ टोकाकडे हलक्या उतारानं खाली येते ते पातं. घरच्या कामासाठी खाटीक वापरतात तशी पाच-सहा इंची बोनिंग सुरी, म्हणजे मांस हाडापासून सोडवायची सुरी, वेगळी घ्या. दोन्ही मिळून तुमच्या बजेटचा अर्धाही भाग जाणार नाही. उरलेल्या पैशात धार लावायचं चांगलं सामान घ्या, कारण खरी गरज तिथे आहे. सत्तूर घरीच राहू द्या. त्याचं कारण तुमच्या भागात फार महत्त्वाचं आहे, ते पुढे सांगतो.

सुरी निवडताना बहुतेक जण पोलाद कोणतं, मूठ कसली, कंपनी कोणती इथून सुरुवात करतात. माझं म्हणणं आहे की आधी काम नीट डोळ्यासमोर आणा. हरणाच्या बाबतीत सुरीची तीन निरनिराळी कामं असतात: रानातच पोट उघडून आतडी काढणं, कातडं सोलणं आणि मांस हाडापासून सोडवणं. तिन्हींना पात्याकडून वेगळं काहीतरी हवं असतं. त्यात सगळ्यात अवघड पहिलं. अंधार पडत आलेला असतो, बोटं गारठलेली असतात आणि करणाराही नवखा असतो. त्यामुळे पहिली सुरी त्या कामासाठी निवडायची.

हरीण पाठीवर उताणं केलं की छातीचं हाड जिथे संपतं तिथे चिमटीत कातडं उचलून छोटीशी चीर द्यायची. मग डाव्या हाताची दोन बोटं त्या चिरेतून आत घालून पोटाची भिंत वर उचलून धरायची, दोन बोटांच्या मधल्या फटीत पातं ठेवायचं, धार आकाशाकडे, आणि हळूहळू खाली ओटीच्या हाडापर्यंत न्यायचं. बोटांच्या बरोबर खाली ओझरी असते. हरीण पडून थोडा वेळ गेला असेल तर ती वायूनं फुगून बोटांना चांगली दाबत असते. टोक अर्धा इंच जरी खाली गेलं तरी ओझरी फुटते, अर्धवट पचलेला हिरवा चोथा पोटात पसरतो आणि पाठीच्या कण्याला आतून चिकटलेलं टेंडरलॉइन, म्हणजे सगळ्यात मऊ मांस, सगळ्यात आधी बरबटतं. आता बोवीचं टोक आठवा: वर उचललेलं, अणकुचीदार, भोसकायला बनवलेलं. ड्रॉप पॉइंटचं टोक पात्याच्या मध्यरेषेजवळ असतं. सुरी उलटी धरली तरी ते आतड्यात घुसत नाही आणि बोटाला सहज जाणवतं. बॉब लव्हलेस या अमेरिकी कारागिरानं हा आकार शिकारी सुऱ्यांत लोकप्रिय केला आणि आज बहुतेक कंपन्या तोच देतात, त्यामागे हेच कारण आहे.

यानंतर गुदद्वाराभोवती गोल काप घेऊन मोठं आतडं मोकळं करायचं असतं. तिथे जागा जेमतेम दोन इंचांची, भोवती ओटीचं हाड. अरुंद पातं त्या गोलात वळतं, रुंद पोटाची स्किनर अडते. मग पोट आणि छातीमधला मांसल पडदा फासळ्यांच्या कडेकडेनं कापायचा आणि दोन्ही हात कोपरापर्यंत छातीच्या पोकळीत घालून श्वासनळी शक्य तितकी वर तोडायची.

हे शेवटचं काम नीट समजून घ्या, कारण सुरीची लांबी इथेच ठरते. आत काहीच दिसत नाही. डाव्या हातानं श्वासनळी घट्ट पकडलेली असते आणि उजव्या हातातली सुरी त्याच हाताच्या दोन इंच पुढे चालवायची असते. दोन्ही हात रक्तानं निसरडे झालेले असतात. सुरी आत नेताना तर्जनी पात्याच्या पाठीवर टोकाच्या अगदी जवळ टेकवायची, म्हणजे टोक कुठे आहे ते बोटालाच कळतं. साडेतीन इंची पात्यावर तर्जनी टोकापर्यंत आरामात पोचते, सात इंचीवर पोचत नाही. नवख्या लोकांचे डावे मनगट आणि अंगठा बहुधा इथेच कापले जातात, तेही दवाखान्यापासून तासाभराच्या अंतरावर. मोठी सुरी हातात धीर देते हे खरं, पण ज्या जागी ती चालवायची आहे तिथे तिला वळायला वाव नसतो.

आकड्याची कल्पना मुळात चांगली आहे. कातड्याखाली अडकवून ओढलं की पोट चेनसारखं उघडतं आणि आतड्याला धक्का लागत नाही. पण दोन-तीन हरणांनंतर आकड्याच्या आतली धार जाते, आणि सपाट दगडावर ती लावता येत नाही, त्यासाठी बारीक गोल सळई लागते. शिवाय त्यात केस आणि चरबी गच्च भरते. सुरीच्या पाठीवर आकडा असला की तर्जनी टेकवायला जागाही उरत नाही, आणि माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा तोटा आहे. आकडा हवाच असेल तर वेगळा, स्वस्तातला घ्या.

पाती बदलायच्या सुऱ्यांबद्दल मी जरा सावधपणे बोलतो, कारण त्या वापरणारे चांगले शिकारी मला माहीत आहेत. हॅव्हलॉनसारख्या सुरीचं पातं शस्त्रक्रियेच्या सुरीइतकं पातळ आणि धारदार असतं. तोंडाभोवतीचं, डोळ्यांभोवतीचं नाजूक कातडं सोडवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण सांध्यात घालून जरा जरी पिळलं तरी ते पातं कट्‌कन मोडतं. मोडका तुकडा मांसात राहिला तर शोधताना नाकी नऊ येतात, आणि चरबीनं माखलेल्या हातांनी नवं पातं चढवणं हे स्वतःच धोक्याचं काम आहे. वापरलेली पाती आतड्यांच्या ढिगात टाकून येणारेही असतात. तिथे मागाहून गरुड, कोल्हे, कुत्री तोंड घालतात, तेव्हा हे कधीही करू नका. चार-पाच हरणं हाताखालून गेल्यावर ही सुरी जोडीला जरूर घ्या.

घडीच्या सुऱ्यांचं थोडक्यात सांगतो. बक कंपनीची ११० ही घडीची सुरी १९६४ पासून अमेरिकन शिकाऱ्यांच्या कमरेला आहे आणि तिनं अगणित हरणं सोलली आहेत, तेव्हा घडीच्या सुरीनं काम होत नाही असं कुणी म्हणू नये. पण बिजागरीत आणि खाचेत रक्त-चरबी जाते, ती तिथे सडते, आणि घरी आल्यावर टूथब्रश घेऊन बसावं लागतं. एका अखंड पात्याची, रबरासारख्या मुठीची सुरी गरम पाण्याखाली धरली की काम संपलं.

आता सोलणं. गावाकडे जत्रेत बोकड सोलणारा खाटीक पाहिला असेल तर त्याची सुरी किती कमी चालते हे लक्षात आलं असेल. सुरुवातीला पायाभोवती काप, मांडीच्या आतून एक चीर, आणि मग सुरी दातात किंवा कमरेला. पुढचं सगळं मुठीनं. कातडं आणि मांस यांच्यामध्ये मूठ घालून दाबत न्यायची, कातडं आपोआप सुटत येतं. हरणाचंही अगदी तसंच आहे. मागच्या घोट्यांपाशी गॅम्ब्रलला, म्हणजे मागचे पाय फाकवून टांगायच्या दांडीला, टांगायचं, घोट्यांभोवती काप घ्यायचा आणि अंगाच्या वजनानं कातडं खाली ओढायचं. अडलं तरच पात्याच्या पोटानं, म्हणजे टोकाजवळच्या गोलसर भागानं, कातड्याच्या बाजूला हलकेच टेकवत जायचं. धार कायम कातड्याकडे, मांसाकडे कधीच नाही. हे अंग गरम असताना किंवा निदान गोठण्याआधी उरकलं तर पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. रात्रभर उणे दहा अंशांत टांगून ठेवलेलं कातडं दुसऱ्या दिवशी फळीसारखं होतं, आणि मग जगातली कुठलीही सुरी अपुरी पडते.

धार जाते ती केसांनी. हिवाळ्यातल्या हरणाचे केस जाड आणि आतून पोकळ असतात, त्यांच्यात माती आणि रेती अडकलेली असते. बाहेरून, केसांवरून सुरी चालवली तर हातभर चिरेतच धार बोथटते, आणि कापलेल्या केसांचे हजारो तुकडे मांसाला चिकटतात ते वेगळंच. म्हणून पहिली छोटी चीर सोडली तर प्रत्येक काप आतून बाहेर. पातं कातड्याखाली सारायचं, धार वर, म्हणजे केस न कापता दोन्ही बाजूंना सरकतात. ही एक सवय लागली की वीस डॉलरची सुरी पूर्ण हरीण मध्ये धार न लावता पार पाडते. दोनशे डॉलरची सुरी केसांवरून चालवणारा अर्ध्यावर थांबून दगड शोधत असतो.

एक गोष्ट सुरीशी संबंधित आहे म्हणून इथेच सांगतो. मागच्या पायांच्या आतल्या बाजूला घोट्यापाशी केसांचा काळपट झुबका दिसेल. ती टार्सल ग्रंथी. नोव्हेंबरात माजावर आलेले नर तिच्यावर मुततात, त्यामुळे तिला भयंकर उग्र दर्प असतो. ती कापून काढायच्या भानगडीत पडू नका. कातड्याबरोबर ती निघून जाते. सुरीचा किंवा हातमोज्याचा तिला स्पर्श झालाच, तर सुरी धुतल्याशिवाय आणि मोजा बदलल्याशिवाय मांसाला हात लावू नका. ‘हरणाच्या मांसाला वास येतो’ असं म्हणणाऱ्यांनी बऱ्याचदा हाच वास खाल्लेला असतो.

पोलादावर लोक रात्र रात्र वाद घालतात. मी चार ओळींत संपवतो. कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर ५६ ते ५८ च्या आसपासचं स्टेनलेस पोलाद, उदाहरणार्थ बकचं ४२०एचसी किंवा मोराकनिव्हच्या सुऱ्यांत येतं ते स्वीडिश स्टेनलेस, नवख्यासाठी उत्तम. धार थोडी लवकर जाते, पण दोन मिनिटांत परत येते. एस३०व्हीसारखी महाग पोलादं ६० च्या घरात कडक असतात आणि धार खूप टिकवतात, पण एकदा बोथट झाली की हिऱ्याची पट्टी आणि सराईत हात लागतो. साधं कार्बन पोलाद सुंदर धार घेतं, मात्र रक्तातल्या मीठ-पाण्यानं संध्याकाळपर्यंत त्याच्यावर डाग पडतात.

मूठ मात्र दुकानात नीट तपासा. हातमोजा घालून, शक्य असेल तर मोज्याला थोडं तेल लावून धरून पाहा. तळहातातून पुढे सरकू लागली तर ती सुरी परत ठेवा. पात्याकडे बोट घसरू नये म्हणून पुढे उंचवटा हवा. हरणाच्या शिंगाची किंवा गुळगुळीत लाकडाची मूठ दिसायला देखणी असते, ओल्या चरबीत ती साबणाच्या वडीसारखी निसटते. रंग भडक नारिंगी घ्या. हिरवी किंवा रानाच्या नक्षीची सुरी पाचोळ्यात ठेवली की दोन फुटांवरूनही दिसत नाही, आणि अंधारात उघड्या पात्याची सुरी चाचपडून शोधायची वेळ कुणावर येऊ नये. म्यान प्लास्टिकचं असावं. चामड्याच्या म्यानात रक्त मुरतं आणि ते कधीच पूर्ण निघत नाही.

आता सत्तुराचं. आपल्याला मटण हाडासकटच हवं असतं. नळी नसेल तर रस्सा कसला, हे मलाही मान्य आहे. पण तुम्ही ज्या भागात शिकार करणार आहात तिथे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा रोग आहे. विस्कॉन्सिनमध्ये हा रोग पहिल्यांदा २००२ साली सापडला, तोही मॅडिसनच्या पश्चिमेला माउंट होरेबजवळच्या रानातल्या हरणांत, म्हणजे तुमच्या घरापासून फार लांब नाही. तो प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनांमुळे होतो. मेंदू, मज्जारज्जू, डोळे, प्लीहा आणि लसिका ग्रंथी यांत ती मोठ्या प्रमाणात असतात. शिजवल्यानं, उकळल्यानं ती नष्ट होत नाहीत. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरीही रोगी ठरलेल्या हरणाचं मांस खाऊ नये असंच सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचं सांगणं आहे. सत्तूर पाठीच्या कण्यावर पडला की मज्जारज्जूचे कण पात्यावर, ओट्यावर आणि बाकीच्या सगळ्या मांसावर उडतात. म्हणून कणा चिरायचा नाही, डोकं फोडायचं नाही, सगळं मांस हाडावरून सोडवून घ्यायचं. हरणाची नळी टणक असते, सत्तुरानं फोडली तर बारीक कपच्या उडून रश्श्यात येतात, हेही आहेच. रश्श्यासाठी नळी हवीच असेल तर दुकानातून बोकडाची आणा आणि त्यात हरणाचे बोटीचे तुकडे सोडा. चव उत्तम लागते.

म्हणून दुसरी सुरी बोनिंगची. व्हिक्टोरिनॉक्सची किंवा डेक्स्टर-रसेलची, पाच-सहा इंची, किंचित वाकलेल्या पात्याची, मध्यम लवचीक. अमेरिकेतले खाटीक याच वापरतात, किंमत तीस डॉलरच्या आसपास. पुढचा पाय अंगाला हाडानं जोडलेलाच नसतो. तो उचलून धरला की खालून नुसतं मांस कापत गेलं तरी अख्खा फरा हातात येतो. बॅकस्ट्रॅप म्हणजे कण्याच्या दोन्ही अंगांना मानेपासून कमरेपर्यंत जाणारी पट्टी. ती काढताना सुरीचं टोक मणक्यांच्या उभ्या हाडांना घासत न्यायचं. कर् कर् असा आवाज सतत येत राहिला तर समजा की हाडावर मांस उरत नाहीये. आवाज थांबला की पातं मांसात शिरलं. ताठ, जाड शिकारी सुरीला हे जमत नाही. बोनिंग सुरीचं पातं हाडाच्या वळणानं वाकतं. मागच्या मांडीत स्नायूंच्या मधले पांढरे पडदे बोटांनीच सुटतात, सुरी फक्त टोकांना. खुब्याचा गोळा-वाटीचा सांधा टोकानं चाचपायचा, शीर तोडली की मांडी स्वतःच्या वजनानं लोंबकळते. कुठेही जोर लावावा लागला तर जागा चुकली आहे, पातं बाहेर काढून पुन्हा सांधा शोधा.

बरगड्यांवरची आणि मांडीवरची पांढरी चरबी कापून टाका. हरणाची चरबी मेणासारखी असते, जिभेला आणि टाळूला चिकटते. बोकडाच्या चरबीसारखी ती चवीला उतरत नाही.

धारेचं सामान: एक हिऱ्याची पट्टी, एका बाजूला भरड आणि दुसरीकडे बारीक, आणि खिशात मावणारी सिरॅमिकची काडी. दर बाजूला साधारण वीस अंशांचा कोन. सीझनच्या आठवडाभर आधी दुकानातून कोंबडीच्या अख्ख्या तंगड्या आणा आणि बोनिंग सुरीनं हाडं सोडवायचा सराव करा. हरणाआधी हाताला सांध्यांची ओळख होते आणि सुरी कुठे बोथटते तेही कळतं. रानात एकच सुरी न्यायची, काडी बरोबर आणि लांब बाह्यांचे रबरी मोजे दोन जोड. ओटीचं हाड फोडायला करवत नेतात ती तुम्हाला लागणार नाही. गुदद्वाराभोवती नीट काप घेतला तर आतडं हाड न फोडताच आत ओढता येतं.

काम झाल्यावर दोन्ही सुऱ्या आधी गरम पाणी आणि साबणानं घासा, मांसाचा कण राहता कामा नये. मग चार भाग घरगुती ब्लीच आणि सहा भाग पाणी यात पाच मिनिटं बुडवून ठेवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं की या प्रमाणात स्टीलच्या पृष्ठभागावरचे प्रिऑन निकामी होतात. मांसाच्या तुकड्याच्या आत मात्र ब्लीच पोचत नाही, म्हणून घासणं आधी. पाच मिनिटांहून जास्त ठेवू नका, ब्लीचनं स्टेनलेसलाही खड्डे पडतात. स्वच्छ धुऊन, पुसून, पूर्ण कोरड्या करून म्यानाबाहेर ठेवा. हरणाचं डोकं मानेच्या काही इंचांसह तपासणीला द्या. विस्कॉन्सिनचं नैसर्गिक संसाधन खातं ही तपासणी शिकाऱ्यांसाठी मोफत करतं. निकाल येईपर्यंत मांसाच्या पिशव्यांवर तारीख घालून फ्रीझरमध्ये वेगळ्या ठेवा, दुसऱ्या हरणाच्या मांसात मिसळू नका.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, तेव्हा वरचं सगळं विस्कॉन्सिनच्या परवान्यापुरतं समजा. घरच्या बोकडाला मात्र बोनिंग सुरी आणि आतून बाहेर कापायची पद्धत जशीच्या तशी लागू पडते.

दुकानात जाताना एवढी यादी न्या: नारिंगी मुठीची चार इंची मोराकनिव्ह किंवा बकची ४२०एचसी ड्रॉप पॉइंट, सहा इंची बोनिंग सुरी, हिऱ्याची पट्टी, सिरॅमिकची काडी, मोजे. मोराचं टोक अगदी पूर्ण ड्रॉप पॉइंट नसतं, पण पातं अरुंद आणि हलकं आहे, त्यामुळे चालेल. मोरा आणि बक, दोन्ही सुऱ्या हातात धरून पाहा आणि मोज्यासकट जी मुठीत जास्त घट्ट बसेल ती घ्या.